पन्नास माणसांचे गाव कँटन बदलते: क्लावालेरचे प्रकरण

पश्चिम स्वित्झर्लंडमध्ये मुर्तेन या तटबंदीच्या जुन्या शहराजवळ क्लावालेर नावाचे शेतकऱ्यांचे गाव आहे. क्षेत्र सुमारे १ चौरस किलोमीटर, वस्ती पन्नासच्या आसपास. ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत ते बर्न कँटनमध्ये होते. १ जानेवारी २०२२ पासून ते फ्रिबुर्ग कँटनमध्ये, मुर्तेनच्या पालिकेत आहे. कँटन म्हणजे तिथले घटकराज्य. स्वतःची राज्यघटना, स्वतःचे विधिमंडळ, स्वतःचे कर असलेले. या एका गावासाठी दोन राज्यांची हद्द बदलली. त्यामागे भाषेचे भांडण नव्हते, धर्माचेही नव्हते. गावचा कारभार पाहायला माणसे पुरेनात, एवढेच कारण होते.

एखादे गाव आपण होऊन आपली सत्ता सोडते तेव्हा ते नेमके काय सोडते, या प्रश्नामुळे मी या प्रकरणाकडे वळलो. गाव आणि तारखा सार्वजनिक नोंदीतल्या आहेत. व्यक्तींची नावे दिलेली नाहीत. हे प्रकरण कोणा एकाच्या कर्तृत्वाचे किंवा चुकीचे नाही, त्यामुळे त्यांची गरजही नाही.

पार्श्वभूमी

नकाशावर क्लावालेर पाहिले की पहिल्यांदा बुचकळ्यात पडायला होते. बर्न कँटनचा सलग भूभाग एकीकडे, आणि त्यापासून तुटलेला हा एवढासा तुकडा फ्रिबुर्ग आणि व्हो या दोन कँटनच्या मधोमध. जवळच म्युन्खेनविलर नावाचे गाव आहे, तेही असेच बर्नचे बेट. या दोन बेटांवरून बर्नच्या मुख्य भूमीत जायचे तर फ्रिबुर्गच्या हद्दीतून जावे लागते.

याचे मूळ मध्ययुगात आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस म्युन्खेनविलरला क्लूनी या फ्रान्समधल्या मठाच्या परंपरेतला एक मठ उभा राहिला. आजूबाजूची जमीन त्या मठाची. पुढे मठाची मालमत्ता बर्नकडे आली, सोळाव्या शतकात बर्नने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला, मठ बंद झाला, जमीन मात्र बर्नच्याच अमलाखाली राहिली. शेजारच्या मुर्तेनची गोष्ट वेगळी. २२ जून १४७६ रोजी स्विस संघाने बर्गंडीच्या ड्यूक शार्ल याचा पराभव केला तो याच मुर्तेनपाशी. त्यानंतर १७९८ पर्यंत मुर्तेनवर बर्न आणि फ्रिबुर्ग यांनी मिळून राज्य केले. नेपोलियनच्या काळात स्वित्झर्लंडची फेरमांडणी झाली तेव्हा मुर्तेन फ्रिबुर्गकडे गेले ते कायमचे. मठाची ही दोन गावेही काही वर्षे फ्रिबुर्गकडे होती, पण ती पुन्हा बर्नकडे परतली. म्हणजे २०२२ मध्ये जे घडले ते एका अर्थी दोनशे वर्षांपूर्वी एकदा होऊन फिरलेले होते.

या भागातून आणखी एक रेघ जाते, ती नकाशावर काढलेली नसते: जर्मन आणि फ्रेंच भाषांची. गावाचे नाव फ्रेंच वळणाचे, पण बोली आणि कारभार जर्मन. पलीकडचे आवाँश हे व्हो कँटनमधले गाव पूर्ण फ्रेंच. रोमन काळात तेच आवेंटिकम, हेल्व्हेटी जमातीची राजधानी होते. मुर्तेन बहुतांशी जर्मन. आणि ज्या फ्रिबुर्ग कँटनमध्ये मुर्तेन आहे, तिथे फ्रेंच भाषक बहुसंख्य आहेत. धर्माचेही असेच: फ्रिबुर्ग पूर्वापार कॅथलिक, पण मुर्तेनचा टापू बर्नच्या जुन्या अमलामुळे प्रोटेस्टंट. थोडक्यात, क्लावालेरच्या माणसाला मुर्तेन भाषेने, पंथाने आणि रोजच्या बाजारहाटाने जवळचे होते. परके होते ते फक्त कागदावर.

अडचण

स्वित्झर्लंडमध्ये गावाला गेमाइंडे म्हणतात. तिला आपल्या ग्रामपंचायतीपेक्षा कितीतरी जास्त अधिकार असतात. संघराज्य आणि कँटन यांच्याबरोबर तीही उत्पन्नावर कर बसवते. कराचे प्रमाण गावच ठरवते. बांधकाम परवाने, पाणी, सांडपाणी, गावरस्ते, शाळेचा खर्च, अंदाजपत्रक हे सगळे तिच्याकडे. लहान गावात सगळे मतदार एकत्र बसून, हात वर करून, वर्षाचा हिशेब मंजूर करतात. ग्रामसभाच ती, पण तिचा निर्णय अंतिम असतो.

हा डोलारा ज्यावर उभा आहे त्याला तिथे मिलित्स म्हणतात. शब्द सैन्यातून आला असला तरी इथे त्याचा अर्थ असा, की सार्वजनिक काम पूर्णवेळ पुढाऱ्यांनी नव्हे, तर आपापला कामधंदा सांभाळून नागरिकांनी करायचे. पंचायतीत बसणारा माणूस सकाळी गोठ्यात असतो आणि रात्री बैठकीत. मानधन नाममात्र. पगारी माणूस असलाच तर एक ग्रामलेखक, तोही बहुधा अर्धवेळ.

पन्नास वस्तीच्या गावात हे गणित बसत नाही. मुले वजा करा. बर्नमध्ये परदेशी नागरिकांना स्थानिक मताधिकार नाही, तेही वजा करा. अतिवृद्ध, आजारी, नुकतेच राहायला आलेले वजा करा. उरलेल्यांतून पंचायतीचे सदस्य, त्यांचा अध्यक्ष, हिशेब तपासणारे, वेगवेगळ्या समित्यांवरचे लोक काढायचे. त्यातच बर्नच्या कायद्यात एक तरतूद आहे, जिचा फटका लहान गावांना सर्वांत जास्त बसतो: नवरा-बायको, आई-बाप आणि मुले, सख्खी भावंडे एकाच वेळी पंचायतीवर बसू शकत नाहीत. सत्ता एका घरात एकवटू नये हा हेतू रास्त आहे. पण जिथे गावच मोजक्या घरांचे आणि घरे एकमेकांची सोयरी, तिथे या नियमाने एकाच्या होकारासरशी दोघा-तिघांची नावे बाद होतात.

दुसऱ्या बाजूने काम वाढत गेले. पिण्याच्या पाण्याचे निकष, जमीन वापराचे आराखडे, समाजकल्याणाचे नियम, हिशेबाच्या नव्या पद्धती. कायदा पाच हजार वस्तीच्या गावाला आणि पन्नास वस्तीच्या गावाला साधारण सारखाच लागू होतो. ही अडचण एकट्या क्लावालेरची नव्हती. २००० साली स्वित्झर्लंडमध्ये २८९९ गेमाइंडे होत्या, २०२२ च्या आरंभी २१४८ उरल्या. ग्लारुस कँटनने तर २००६ च्या आपल्या उघड्या मैदानातल्या सर्व मतदारांच्या सभेत एका झटक्यात निर्णय घेऊन २५ गेमाइंडेच्या ३ केल्या. २०११ पासून ते अमलात आले. पण ग्लारुसमध्ये जे झाले ते एका कँटनच्या आत. क्लावालेरच्या भोवती सगळीकडून दुसऱ्यांची शीव होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आहे तसे चालवत राहणे. एकेक काम शेजारच्या मोठ्या गावांकडून पैसे देऊन करून घ्यायचे. स्वित्झर्लंडमध्ये हे सर्रास चालते. चार-पाच गावांचे मिळून एक पाणीमंडळ, एक शाळासंघ. पण कामे बाहेर दिली तरी करारावर सही करायला, बिल तपासायला, ग्रामसभेला उत्तर द्यायला कोणीतरी निवडून आलेले लागतेच. खुर्च्या तेवढ्याच राहतात. त्यामुळे या मार्गाने दिवस ढकलता आले असते, प्रश्न सुटला नसता.

दुसरा, सक्तीचा. उरीसारख्या काही कँटनमध्ये निवडून आलेल्या माणसाला पद नाकारता येत नाही, असा जुना दंडक आहे. लोक तो अधूनमधून सुचवतात. मला तो पटत नाही. ज्याला बळजबरीने बसवले तो सह्या करील, पण गावाचा विचार करीलच असे नाही. आणि पन्नासांच्या गावात सक्ती म्हणजे त्याच त्या तीन-चार घरांवर पाळीपाळीने वेठ.

तिसरा म्हणजे काहीच न करणे. पंचायत बसेनाशी झाली की कँटन बाहेरून कारभारी नेमू शकतो. हा पर्याय कोणी निवडत नाही, तो येऊन पडतो. निर्णयाचा विचार करताना तो मनात धरावाच लागतो, कारण वेळेत पाऊल उचलले नाही तर शेवट तोच.

चौथा, बर्नमधल्याच गावांशी एकत्र येणे. कँटनच्या दृष्टीने हा सरळ मार्ग: हद्द बदलायची नाही, लोकमत घ्यायचे नाही. त्याचा विचार झाला, पण ते जुळले नाही. आणि जुळले असते तरी बेट बेटच राहिले असते. म्युन्खेनविलरबरोबर गेले तर दोन लहान गावांचे एक लहान गाव. बर्नच्या मुख्य भूमीतल्या गावाबरोबर गेले तर पालिकेच्या कचेरीत जायला वाटेत दुसरा कँटन ओलांडायचा.

पाचवा, मुर्तेन. काही किलोमीटरवर, जर्मन बोलणारे, पालिकेची पूर्ण यंत्रणा असलेले शहर. रोजच्या जगण्याच्या हिशेबाने उत्तर उघड होते. अडसर एकच: त्यासाठी कँटन सोडावा लागणार होता.

कँटन सोडणे म्हणजे काय

इथे थोडे थांबायला हवे, कारण गावकऱ्यांच्या दृष्टीने निर्णयाचे वजन याच प्रश्नात होते.

स्विस माणसाच्या पासपोर्टवर जन्मगाव नसते, मूळगाव असते. पणजोबांनी सोडलेले, आपण कधी पाहिलेही नसलेले गाव असू शकते ते. नागरिकत्व आधी गावाचे, त्यातून कँटनचे, त्यातून देशाचे. म्हणून गाव कँटन बदलते तेव्हा तिथे राहणाऱ्यांबरोबरच ते मूळगाव सांगणारे दूरदूरचे लोकही त्यात ओढले जातात. गाडीच्या पाटीवर कँटनची अक्षरे आणि चिन्ह असते. बर्नच्या अस्वलाची पाटी उतरवून फ्रिबुर्गची लावायची. प्राप्तिकराचे कोष्टक, जमिनीचे दप्तर, न्यायालय, पोलीस, निवडणुकीचे मतदारसंघ हे सगळे बदलणार.

शाळेची काळजी प्रत्येक पालकाला पहिली वाटते. इथे भूगोल मदतीला आला. स्वित्झर्लंडमध्ये शिक्षण कँटनच्या हाती असले तरी जर्मन आणि बहुभाषक मिळून २१ कँटननी ‘लेअरप्लान २१’ हा सामाईक अभ्यासक्रम आखला. बर्न त्यात आहे, फ्रिबुर्गचा जर्मन भागही आहे. शिवाय भाषांच्या सीमेवरचे हे दोन्ही कँटन जर्मन शाळांत परकी भाषा म्हणून आधी फ्रेंच आणि नंतर इंग्रजी शिकवतात. पूर्वेकडच्या झुरिकसारख्या कँटनमध्ये ते उलट आहे. क्लावालेर झुरिकच्या शेजारी असते तर मुलांचे हाल झाले असते.

शेतकऱ्यांचेही तसेच. स्विस शेतकऱ्याच्या मिळकतीचा मोठा भाग संघराज्याकडून थेट अनुदान म्हणून येतो. पण शेताची मोजणी, पिकांची नोंद, जनावरांची संख्या, तपासणी हे कँटनचा कृषी विभाग पाहतो. कँटन बदलला की कचेरी बदलते. मात्र बर्न, फ्रिबुर्ग आणि सोलोथुर्न या तीन कँटननी शेतीच्या नोंदींसाठी ‘गेलान’ ही एकच संगणक प्रणाली फार आधीपासून मिळून चालवली आहे. शेतकऱ्याला फॉर्म ओळखीचा, फक्त पलीकडचा टेबलवाला वेगळा. अशा बारीक, कंटाळवाण्या वाटणाऱ्या सोयींमुळे मोठे निर्णय सोपे होतात, असे मला या प्रकरणात फार जाणवले. हे सामाईक काम क्लावालेरसाठी कोणी केले नव्हते, पण वेळ आली तेव्हा ते हाताशी होते.

भाषेचा मुद्दा उरतो. बर्नमध्ये जर्मन बहुसंख्य, फ्रेंच अल्पसंख्य. फ्रिबुर्गमध्ये बरोबर उलट. गावकरी बहुसंख्यांतून उठून अल्पसंख्यांत जाऊन बसणार होते. तरी पालिका जर्मनच राहणार, आणि फ्रिबुर्गच्या घटनेत दोन्ही भाषांना अधिकृत स्थान आहे. घराच्या उंबऱ्यापर्यंत हा बदल पोचणार नव्हता. कँटनच्या राजधानीत मात्र आता फ्रेंचचा आवाज मोठा.

एक बदल असा की ज्याची चर्चा फारशी होत नाही. फ्रिबुर्गमध्ये, कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या आणि कँटनमध्ये पाच वर्षे राहिलेल्या परदेशी नागरिकाला गावच्या निवडणुकीत मत देता येते. बर्नमध्ये देता येत नाही. म्हणजे शीव सरकली की त्याच घरात राहणारा, तीच शेती करणारा परदेशी माणूस मतदार होऊ शकतो. गावची लोकशाही लहान होत असताना एका बाजूने ती थोडी रुंदही होणार होती.

काय केले, कोणत्या क्रमाने

स्विस राज्यघटनेचे ५३ वे कलम सांगते की कँटनांमध्ये भूभागाची अदलाबदल करायची तर संबंधित लोकांची, संबंधित कँटनांची आणि संघसंसदेची संमती हवी. १९९९ च्या नव्या घटनेपूर्वी हे याहून अवघड होते. तेव्हा साऱ्या देशाचे मतदान घ्यावे लागे. ७०-एक वस्तीचे व्हेलरा हे फ्रेंचभाषक गाव बर्नमधून ज्युरा कँटनमध्ये गेले, त्यासाठी मार्च १९९६ मध्ये देशभर मतदान झाले आणि १ जुलै १९९६ रोजी गाव हलले. त्याआधी व्हेलराने कंटाळून १९८२ मध्ये स्वतःला ‘मुक्त गाव’ घोषित केले होते.

बर्नच्या मनात अशा प्रकरणांच्या कडू आठवणी आहेत, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या क्लावालेरबाबतच्या वागण्याची किंमत कळत नाही. १९७९ मध्ये ज्युरा हा नवा कँटन बर्नमधून फुटून निघाला. लाउफेनताल या बर्नमधल्या खोऱ्याने १९८३ मध्ये बर्नमध्ये राहण्याचा कौल दिला; पुढे उघडकीला आले की बर्न सरकारने आपल्या बाजूच्या प्रचाराला गुपचूप पैसा पुरवला होता. मतदान रद्द झाले, १९८९ मध्ये पुन्हा झाले, निकाल फिरला आणि १९९४ मध्ये ते खोरे बासेल-लांडशाफ्ट कँटनमध्ये गेले. एवढे पोळलेल्या कँटनने एका गावाला ‘जा, आम्ही कागद तयार करतो’ म्हणावे, हा या प्रकरणातला पहिला मोठा निर्णयबिंदू. बर्नने अडवले असते तर कायद्याने गावाच्या हाती फार काही नव्हते.

कार्यपद्धती ठरवायला बर्नने स्वतंत्र कायदा केला. मग गाव आणि मुर्तेन यांच्यात विलीनीकरणाचा करार, आणि दोन कँटनांमध्ये वेगळा आंतरराज्य करार. दोन कागद का? पहिला पालिकांचा: मालमत्ता, कर्ज, कर, सेवा. दुसरा राज्यांचा: चालू खटले कोणी निकाली काढायचे, कोणत्या वर्षाचा कर कोणाकडे भरायचा, जमिनीच्या नोंदी कशा सोपवायच्या. गाव पन्नासांचे असो की पन्नास हजारांचे, दुसऱ्या कागदात कलमे तेवढीच लागतात.

क्रम असा ठेवला की आधी गावाने बोलावे. २०१८ मध्ये क्लावालेरच्या आणि मुर्तेनच्या मतदारांनी होकार दिला. त्यानंतर कँटन. बर्नच्या घटनेनुसार कँटनची हद्द अशी बदलताना लोकमत घ्यावेच लागते, कोणी मागणी करो वा न करो. म्हणून ९ फेब्रुवारी २०२० रोजी बर्नच्या सात लाखांहून अधिक मतदारांसमोर हा प्रश्न ठेवला गेला. त्यातल्या बहुतेकांनी क्लावालेरचे नावही आधी ऐकले नसणार. मोठ्या बहुमताने ‘हो’ आला. फ्रिबुर्गच्या मतदारांनीही मान्यता दिली. २०२१ मध्ये संघसंसदेने शिक्कामोर्तब केले.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. तो उलटा असता, म्हणजे आधी कँटननी आपसात ठरवून मग गावाला विचारले असते, तर पन्नास लोकांच्या मतदानावर दोन सरकारांचे दडपण आले असते. इथे दोन्ही कँटनच्या मतदारांना एवढेच विचारले गेले, की या लोकांनी जे ठरवले आहे त्याला तुमची हरकत आहे का. लाखो लोकांना मत देण्याचा अधिकार होता आणि त्यांनी तो गावाच्या बाजूने वापरला.

या क्रमाची किंमतही होती. २०१८ चा गावाचा होकार आणि २०२२ ची अंमलबजावणी यांत तीन वर्षांहून अधिक काळ गेला. तेवढा काळ कोणालातरी पंचायतीत बसावेच लागले. माणसे मिळत नाहीत म्हणून जे गाव निघाले, त्याच गावाला निघण्याची कागदपत्रे करायला, बैठकांना जायला, वकिली भाषेतले मसुदे वाचायला माणसे पुरवावी लागली.

निष्पत्ती

१ जानेवारी २०२२ रोजी क्लावालेरबरोबर गाल्मिझ आणि गेंपेनाख ही फ्रिबुर्गमधली दोन गावेही मुर्तेनमध्ये आली. त्याआधी २०१६ मध्ये चार गावे आली होती. म्हणजे मुर्तेनच्या कचेरीला नवी गावे सामावून घेण्याची सवय होती. आज ही पालिका सुमारे ९ हजार वस्तीची आहे.

गाव म्हणून क्लावालेर नकाशावर आहे. शेते कसली जातात. या पट्ट्यातला बीट बर्नमधल्या आरबेर्गच्या साखर कारखान्यात जातो तो हद्द कुठून जाते ते विचारत नाही. कचेरीच्या कामाला मुर्तेन आहे, आणि कागदाला उत्तर द्यायला तिथे पगारी माणूस आहे. ज्या अडचणीसाठी हा खटाटोप केला ती संपली, हे मोकळेपणाने म्हणावे लागेल.

गेले ते काय? मुर्तेनमध्ये ग्रामसभा नाही. पालिका मोठी असल्याने तिथे निवडून आलेले सभागृह आहे, गेनेरालराट, ५० सदस्यांचे. ही संख्या वाचली तेव्हा मी थबकलो. क्लावालेरमध्ये सारे गाव मिळून जेवढे, तेवढी माणसे आता एकट्या सभागृहात. पूर्वी गावातली मताधिकार असलेली व्यक्ती, मग ती कोणीही असो, वर्षाच्या हिशेबाच्या रात्री उठून विचारू शकत होती की रस्त्याच्या खडीवर एवढा खर्च का झाला, आणि मग त्याच खोलीत त्यावर हात वर करू शकत होती. आता तिने प्रतिनिधी निवडायचा, आणि ९ हजारांत पन्नासांचे मत किती हे सांगायला नको. लोकमताची मागणी, अर्ज, निवडणूक हे मार्ग आहेत, ते खरेही आहेत. पण खोलीत बसून स्वतः ठरवणे वेगळे.

याला दुसरी बाजू आहे आणि ती मला टाळायची नाही. ग्रामसभेचा हक्क कागदावर असून पंचायतीत बसायला कोणी नसेल तर त्या सभेसमोर हिशेब ठेवणार कोण? क्लावालेरने ग्रामसभा गमावली असे म्हणताना हेही म्हणायला हवे, की तिला आधार देणारी माणसे आधीच आटत चालली होती. गावाने विलीनीकरण आपल्या हाताने, अजून हात वर करता येत होते तोवर केले. बाहेरचा कारभारी नेमला गेल्यावर तोच निर्णय दुसऱ्याने घेतला असता.

वेगळे काय करता आले असते

नातेवाइकांवरच्या बंदीचा मुद्दा मला सर्वांत आधी घ्यावासा वाटतो. शंभरांच्या आतल्या गावांना या नियमातून अंशतः सूट देऊन, त्याबदल्यात हिशेब तपासणी बाहेरच्याकडे सक्तीने द्यावी, अशी तडजोड करता आली असती. त्याने क्लावालेर कायमचे वाचले असते असे मी म्हणणार नाही. पण मधल्या वर्षांचा ताण हलका झाला असता, आणि विलीनीकरणाच्या वाटाघाटींना बसणारे लोक कमी थकलेले असते.

दुसरे, कालावधी. घटनेच्या ५३ व्या कलमातच अपवाद आहे: कँटनांमधल्या किरकोळ सीमासुधारणा आपसातल्या कराराने करता येतात, संसदेची परवानगी लागत नाही. पण तो बांध सरळ करण्यासाठी, रस्त्याची रेघ जुळवण्यासाठी. आख्खे गाव, कितीही लहान असो, त्यात बसत नाही, आणि ते योग्यच आहे. माणसे म्हणजे बांधाचा तुकडा नव्हे. तरी २०१८ नंतरच्या प्रत्येक टप्प्याची शेवटची मुदत दोन्ही कँटननी आधीच बांधून घेतली असती तर गावाला निदान कळले असते की आणखी किती वर्षे तग धरायचा आहे.

तिसरे, विलीन झाल्यावर गावाचा आवाज. मोठ्या पालिकेत जाणाऱ्या लहान गावांसाठी सुरुवातीच्या एक-दोन कार्यकाळांपुरती राखीव जागा ठेवण्याची पद्धत स्वित्झर्लंडमध्ये अनोळखी नाही. पण पन्नासांच्या गावासाठी ५० सदस्यांच्या सभागृहात एक जागा ठेवली तरी तिच्यावर बसायला पुन्हा त्याच गावातून माणूस हवा. जुनी अडचण नव्या दारातून आत येते. म्हणून मला त्याऐवजी वर्षातून एकदा पालिकेने गावात येऊन, गावाच्याच जागेत, रस्ता-पाणी-शेतवाटांवर ऐकून घेण्याची लेखी बांधिलकी जास्त उपयोगी वाटते. तिला मताचा अधिकार नसेल. प्रश्न विचारायची खोली मात्र राहील.

आणि शेवटचे, म्युन्खेनविलर. तेही बेट, त्याच मठाचे दुसरे गाव, मुर्तेनला चिकटलेले. ते मात्र बर्नमध्येच आहे. त्याची वस्ती काही शेकड्यांची, पंचायत चालते, त्यामुळे त्याला घाई नाही आणि कोणी त्याला ढकलूही नये. मात्र दोन्ही गावांचा विचार एकदम झाला असता तर आंतरराज्य कराराची कलमे एकदाच लिहावी लागली असती, बर्नच्या मतदारांना एकदाच बोलवावे लागले असते. उद्या म्युन्खेनविलरच्या पंचायतीत खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या, तर गावाचे मत, दोन कँटनांचे लोकमत आणि संसदेचा ठराव ही वाट त्यांना पहिल्यापासून चालावी लागेल. क्लावालेरचे मसुदे तेवढे बर्न आणि फ्रिबुर्गच्या दप्तरात तयार असतील.